वंशावळीत नसलेली नावं

पत्र असं आहे:

"डॉक्टरबाई, मी देवगड तालुक्यातली, वय २६. माझ्या ताईचा मुलगा तीन वर्षांचा आहे. रांगायला लागल्यापासून त्याच्या अंगावर काळेनिळे डाग पडायचे. गेल्या गणपतीत गुडघा नारळाएवढा सुजला, तेव्हा तपासण्या झाल्या. फॅक्टर आठ एक टक्क्यापेक्षा कमी, हिमोफिलिया ए, असं निघालं. त्याआधी एका डॉक्टरांनी क्रोमोसोमची तपासणी करायला लावली होती, त्यात सगळं नॉर्मल होतं. मग हा आजार आला कुठून? ताईची सासू म्हणते, 'आमच्या घराण्यात असला काय नाय, ह्यां म्हायेरसून इलां.' आईचा एक भाऊ नऊ वर्षांचा असताना दात पाडल्यावर रक्त न थांबून गेला, हे आजी आत्ता कुठे बोलली. तेव्हा देवचाराची बाधा म्हणाले होते. मावशीला दोन मुलगे आणि एक मुलगी, सगळी धडधाकट. माझा दादाही ठणठणीत आहे, पण वहिनी आता मूल नको म्हणते. ताईला पुन्हा दिवस गेलेत, दुसरा महिना सरत आलाय. माझा साखरपुडा झालाय, लग्न मे महिन्यात. काका म्हणतात, पत्रिका जुळली, दोघांचे रक्तगट बघितले, आता नको ते उकरून काढू नको. माझ्यातही हे असेल का? मुलाकडच्यांना सांगू की नको? रात्रीची झोप गेली आहे."

बाय, तुझी झोप कुठल्या प्रश्नाने गेली ते कळतंय. तो तू अगदी शेवटी, घाईघाईत लिहिला आहेस. तरी मी सुरुवात ताईपासून करणार. तुझ्याकडे मे महिन्यापर्यंत वेळ आहे, तिच्याकडे जेमतेम महिना.

पण त्याआधी आजार समजून घे, कारण तो तुलाच घरात सगळ्यांना समजावून सांगावा लागणार आहे. आपल्याकडे परड्याला गडगा घालतात ना, तो डोळ्यांपुढे आण. दगडावर दगड, मध्ये ना चुना ना सिमेंट. कातडी कापली की रक्तातल्या प्लेटलेट्स धावत येऊन भोकाशी अशाच रचून बसतात. तो झाला गडगा. मग रक्तातली फॅक्टर नावाची प्रथिनं एकामागून एक कामाला लागतात आणि शेवटी फायब्रिनचे धागे तयार होऊन तो गडगा पक्का बांधला जातो. यातला आठव्या क्रमांकाचा गवंडी गैरहजर असला की दगड रचले जातात, बांधकाम होत नाही. म्हणून तुझ्या भाच्याला नुसतं खरचटलं तर रक्त चारचौघांसारखंच थांबेल. पण दात पाडला, ओठ आतून फाटला, गुडघ्यात आत रक्त उतरलं, की थांबल्यासारखं वाटून काही तासांनी पुन्हा सुरू होतं. तुझ्या मामाचं बहुधा हेच झालं. आपल्या गावांत देवचाराच्या नावावर असे किती पोरगे जमा आहेत, देव जाणे.

आता तो नॉर्मल रिपोर्ट. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, म्हणजे क्रोमोसोम, असतात, २३ जोड्या. (१९५६ पर्यंत मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा ती ४८ मोजत होते, तेव्हा गोंधळलीस म्हणून लाजू नको.) तलाठ्याच्या दप्तरात जुने कागद रुमालात बांधून ठेवलेले असतात, तसे हे ४६ रुमाल समज. क्रोमोसोमच्या तपासणीत रुमाल मोजतात आणि एखादा फाटला आहे का, दुसऱ्याला शिवला गेला आहे का, ते पाहतात. डाउन सिंड्रोममध्ये २१ व्या क्रमांकाचा एक रुमाल बहुतेक वेळा जास्त असतो, तो या तपासणीत लगेच सापडतो. पण रुमाल बरोबर ४६ आहेत आणि आतल्या एका उताऱ्यावर गट नंबरच चुकीचा पडला आहे, तर रुमाल मोजून ते कसं कळणार? ती उताऱ्यातली चूक म्हणजे जनुकातलं उत्परिवर्तन, म्यूटेशन. असे उतारे, म्हणजे प्रथिनं बनवण्याच्या सूचना लिहिलेली जनुकं, माणसात सुमारे २० हजार आहेत. फॅक्टर आठचं जनुक एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ आहे. कुणाच्या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं, कुणात तुकडा गळालेला. तीव्र हिमोफिलिया ए च्या साधारण ४० ते ४५ टक्के रुग्णांत मात्र त्या जनुकाचा मोठा भाग उलटा होऊन बसलेला असतो. पान फाडून, उलटं करून चिकटवावं तसा. याला इन्व्हर्जन म्हणतात. हा शब्द लक्षात ठेव, पुढे लागेल.

तुमच्या माळ्यावर किंवा काकांच्या ट्रंकेत वंशावळ असणारच. कोकणात जमिनीचे हिस्से आणि भावकीची भांडणं असल्यामुळे मूळपुरुषापासून सगळी नावं लोकांना पाठ असतात. सातबाऱ्यावर चाळीस चाळीस नावं. त्या जुन्या वंशावळीत लेकी शोध. नाहीत. आजा, बाप, मुलगा, नातू, एवढंच. वाय गुणसूत्र अगदी त्या कागदाप्रमाणे चालतं, बापाकडून मुलाकडे, आडनावासारखं. गोत्राचा हिशेबही तोच. एक्स मात्र या कागदाला जुमानत नाही. मुलगा आडनाव बापाचं लावतो, कुलदैवत बापाचं पुजतो, पण त्याच्याकडे असलेला एकुलता एक एक्स आईकडून आलेला असतो. मुलीकडे दोन असतात, एक आईचा, एक बापाचा.

म्हणून हा आजार माहेरवाशिणींच्या वाटेने चालतो. एका एक्सवरचा उतारा चुकलेला असला तरी बाईकडे दुसरी नक्कल असते, तिचं बहुधा निभावतं. ती वाहक. तिच्या मुलाच्या वाट्याला तोच एक्स आला तर त्याच्याकडे दुसरी नक्कल नाही, आणि आजार उघडा पडतो. तोही कुठे? दुसऱ्या गावात, दुसऱ्या आडनावाच्या घरात. म्हणजे "आमच्या घराण्यात असलं काही नाही" असं ताईची सासू म्हणते ते खोटं नाही. तिच्या कागदावर ते नाहीच. तुझ्या काकांच्या कागदावरही नाही, कारण ज्यांच्यामार्फत ते आलं त्या बायकांची नावंच कुणी लिहिली नाहीत.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, खत्ता खाऊन शिकले. कुडाळला दवाखाना टाकल्यावर सुरुवातीच्याच वर्षांत तापाने फणफणलेला एक मुलगा आला. मी रीतीप्रमाणे विचारलं, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास? वडील म्हणाले, नाही. मी कमरेत इंजेक्शन दिलं. रात्री पोर परत आलं तेव्हा मांडी टरटरून सुजलेली. आई सगळा वेळ दाराशी उभी होती. तिचे दोन भाऊ लहानपणी गेले होते. मी तिला विचारलंच नव्हतं. मुलगा वाचला, पण त्या दिवसापासून माझा पहिला प्रश्न आईला असतो, आणि तो असा: "तुझे भाऊ, तुझ्या आईचे भाऊ, तुझ्या बहिणींचे मुलगे, सगळे आहेत ना?"

चल, आता तुमच्या घराचा हिशेब मांडू. मामा हिमोफिलियाने गेला असं धरलं, तर आजी वाहक. तिच्या एका मुलाला आणि पणतवाला आजार आहे, म्हणजे मधली तुझी आई वाहक, आणि ताईही. वाहक बाईच्या प्रत्येक मुलाला आजार असण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. प्रत्येक वेळी नव्याने निम्मी, बरं का. पहिल्याला झालं म्हणून दुसरा सुटला, असा हिशेब नाही.

तुझ्या दादात आजार नाही, म्हणजे त्याच्या वाट्याला आईचा चांगला एक्स आला. तो सुटला, आणि या आजारापुरती त्याची मुलंबाळं, नातवंडं सगळी सुटली. हिमोफिलियाच्या भीतीने वहिनीने मूल नको म्हणण्याचं काहीच कारण नाही. हा परिच्छेद कापून तिला दे.

मावशी जन्माच्या वेळी वाहक असण्याची निम्मी शक्यता घेऊन आली. पण तिचे दोन्ही मुलगे निरोगी निघाले, त्यामुळे ती शक्यता उतरून पाचात एक झाली. शून्य नव्हे. तिच्या मुलीची म्हणून दहात एक. मावसबहिणीचं लग्न ठरायच्या आत तिच्याही कानावर घाल.

आणि तू. निम्मी. नाणं उडवून पडलेलं आहे, तू जन्मलीस तेव्हाच, फक्त मूठ उघडायची आहे. वाहक निघालीस तर दर बाळंतपणाला चारात एक शक्यता की मुलगा असेल आणि त्याला आजार असेल. फॅक्टर आठचं प्रमाण तपासून "तुमचं नॉर्मल आहे, तुम्ही वाहक नाही" असं कुणी म्हणालं तर मान डोलवून घरी येऊ नको. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स निजवलेला असतो, कुठल्या पेशीत कुठला ते नशिबावर. १९६१ मध्ये मेरी लायन या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञ बाईंनी हे मांडलं. त्यामुळे वाहक असूनही प्रमाण अगदी नॉर्मल येऊ शकतं. उलट काही वाहक बायकांचं प्रमाण इतकं खाली असतं की त्यांनाच पाळीला महापूर येतो, बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही. पाळीबद्दल तू काही लिहिलं नाहीस. आईला, ताईला विचार. आपल्याकडे बायका ते अंगावर काढतात.

खरं उत्तर जनुकाच्या तपासणीतूनच मिळतं, आणि तिथे क्रम महत्त्वाचा. आधी भाच्याचं रक्त. त्याच्यात चूक नेमकी कुठे आहे ते सापडलं, की मग ताईत, आईत, तुझ्यात तेवढी एकच जागा बघायची. लॅबला विचार, इन्व्हर्जनची वेगळी तपासणी करता का. सगळी जनुकं एकदम वाचणाऱ्या नव्या, महागड्या तपासण्यांतून उलटा चिकटलेला तुकडा बरेचदा निसटतो आणि हजारो रुपये घालवून "काही सापडलं नाही" असा कागद हातात पडतो. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. रक्ताच्या आनुवंशिक आजारांचंच काम तिथे वर्षानुवर्षं चालतं. माझ्या मते थेट तिथे जा, मधले थांबे घेऊ नका.

ताईचं आता. वारेचा बारीक तुकडा घेऊन गर्भाची तपासणी साधारण ११ ते १३ आठवड्यांत होते, गर्भजलाची १५-१६ आठवड्यांनंतर. दोन्हीसाठी घरातली चूक आधी सापडलेली हवी, आणि त्या शोधात काही आठवडे जातात. म्हणून घाई. कुणीतरी सांगेल की गर्भलिंग तपासणीला बंदी आहे, हे करता येत नाही. बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पण १९९४ च्या त्याच कायद्यात लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात तपासणीची परवानगी आहे. चोरीचं काम नाही हे. तपासणी करायची का, आणि उत्तर आल्यावर काय करायचं, ते ताईने आणि तिच्या नवऱ्याने ठरवायचं. सासूने नाही, काकांनी नाही, मीही नाही. नको म्हणाली तरी बाळंतपणाच्या डॉक्टरांना ती वाहक आहे हे माहीत पाहिजे: चिमटा किंवा व्हॅक्यूम लावू नका, मुलगा झाला तर नाळेतल्या रक्तातून फॅक्टर बघा, तोवर स्नायूत सुई नको. गरोदरपणात आईचा फॅक्टर आठ वाढतो आणि बाळंतपणानंतर उतरतो, म्हणून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे तिच्यावरही लक्ष ठेवा.

त्या सासूबाईंबद्दल दोन शब्द, कारण मला राग आला आहे. "म्हायेरसून इलां" हे एक्सच्या वाटेपुरतं बरोबर. पण दोष म्हणून बोलायचं तर ऐक. हिमोफिलियाच्या साधारण एक तृतीयांश घरांत आधी कुणालाच काही नसतं, चूक नव्यानेच झालेली असते. ते इन्व्हर्जन तर जवळजवळ नेहमीच पुरुषाच्या बीजपेशीत घडतं, कारण तिथे एक्सला जोडीदार नसतो आणि तो स्वतःवरच दुमडू शकतो. तुमच्या घरात तेच निघालं, तर सुरुवात आजीच्याही मागे, तिच्या बापात किंवा आणखी वरच्या एखाद्या पुरुषात झाली असण्याचीच शक्यता फार. पिढ्यान् पिढ्या बोलणी मात्र लेकींनी खाल्ली. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या घरातही हिमोफिलियाच, फक्त फॅक्टर नववा. तिच्या जन्माच्या वेळी तिचे वडील ५१ वर्षांचे होते, आणि चूक त्यांच्याच बीजपेशीत झाली असावी असा अंदाज आहे. बोल मात्र राणीच्या रक्ताला लागला.

भाच्याचं थोडक्यात. ॲस्पिरिन, आयब्रुफेन घरात ठेवायचंच नाही, तापाला पॅरासिटामॉल. लस चुकवायची नाही, फक्त देणाऱ्याला आजार सांगायचा. डोक्याला मार लागला तर आधी फॅक्टरचं इंजेक्शन, मग स्कॅन. सांधा सुजायला लागला की बर्फ, विश्रांती आणि फॅक्टर, सकाळची वाट बघायची नाही. मूल नुसतं पडून राहिलं तर सांधे अधिकच बिघडतात, तेव्हा पोहायला शिकवा. माडावर चढू देऊ नका, एवढंच. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हिमोफिलिया आहे, प्रमाणपत्र काढून ठेवा. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नोंदणी आणि मोफत फॅक्टर याची चौकशी याच आठवड्यात करा. आता रक्तस्राव व्हायची वाट न बघता ठरलेल्या दिवशी आधीच औषध देतात, त्वचेखाली टोचायचं औषधही आलं आहे. तुझ्या मामाच्या वेळचा हा आजार राहिलेला नाही, हे आजीला जरूर सांग. तिला रडू येईल, येऊ दे.

रवळनाथाला गाऱ्हाणं घालायचं तर घाला. मीही घालते. फक्त कौल उजवा पडेपर्यंत तपासणीला रक्त द्यायचं थांबवू नका.

राहिला साखरपुडा. सांग. काकांना उकरून काढू नये असं वाटतं, पण जे तीन वर्षांच्या पोराच्या गुडघ्यात दिसतंय ते पुरलेलं कुठे आहे? भावकीत ते मुंबईपर्यंत पोचलं असेल. मे महिन्यानंतर त्या मुलाला ते तिसऱ्याच कुणाकडून कळलं, तर आजारापेक्षा लपवल्याचं जड जाईल. मध्यस्थामार्फत नको, वडीलधाऱ्यांच्या बैठकीत तर नकोच. दोघं बसा, कागदावर आजीपासूनची आकृती काढ, बायका गोल, पुरुष चौकोन, आणि सांग की निम्मी शक्यता आहे, तपासणी करतेय, असं असं निघालं तर हे हे पर्याय आहेत. रिपोर्टची वाटही बघू नकोस. तो "बरं झालं सांगितलंस, मीही येतो" म्हणाला तर चांगलं. घरी विचारून सांगतो म्हणाला तर थोडा वेळ दे. मोडलं तर दुखेल, फार दुखेल, ते मी गोड करून सांगणार नाही.

त्याला हिमोफिलियाची तपासणी लागत नाही, निरोगी पुरुषाचा एक्स या बाबतीत चांगलाच असतो. पण काकांच्या रक्तगटाच्या समाधानात एक भर घाल. रक्तगटाचा आनुवंशिक आजारांशी संबंध नाही, पत्रिकेतल्या नाडीचाही नाही. थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे वेगळ्या जातीचे आजार, त्यात आई आणि बाप दोघंही वाहक असले तरच मूल आजारी होतं. त्यासाठी हिमोग्लोबिनची एचपीएलसी नावाची साधी तपासणी असते. ती तू कर, त्यालाही करायला लाव. छत्तीस गुण जुळले असतील, हा सदतिसावा.

तुतारी एक्सप्रेस दादरला सोडते, तिथून परळ जवळ. चौघांची तिकिटं काढ: ताई, भाचा, आई आणि तू. भाच्याचे सगळे कागद, तो नॉर्मल रिपोर्टसुद्धा, बरोबर घे. आजीला एवढ्या प्रवासाला न्यायची गरज नाही. निघायच्या आदल्या रात्री तिच्याजवळ वही घेऊन बस. तिला बहिणी किती होत्या, त्यांची माहेरची आणि सासरची नावं काय, त्या कुठल्या गावी दिल्या, आणि त्यांचे मुलगे किती जगले, ते सगळं लिहून घे.